बापाच्या एक पायरी वर

आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला कधी विमान चालवावंसं वाटलं नाही. कुणाला नट व्हायचं नव्हतं, कुणाला क्रिकेट खेळायचं नव्हतं. मोठेपणी आइस्क्रीमची गाडी ढकलावी असंही कुणाच्या मनात आलं नाही, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलांच्या बाबतीत हे जरा चमत्कारिकच म्हणायला हवं. आम्ही सगळी केंद्र सरकारची मुलं होतो. आम्हाला स्वप्नंसुद्धा हुद्द्यांची पडायची.

शाळा लक्ष्मीबाई नगरापासून चालत पंधरा मिनिटांवर, जुन्या बराकींत भरायची. दिल्लीत नोकरीला आलेल्या मराठी मंडळींनी ती हौसेने काढली आणि हौस फिटल्यावर बंदही करून टाकली, तेव्हा आता कुणी तिचा शोध घ्यायला जाऊ नये. बापांचे हुद्दे सांगितले की आमचा वर्ग सांगून झाला. सगळ्यात खाली शिपाई, त्याच्यावर दप्तरी, मग एल.डी.सी. म्हणजे खालचा कारकून, यू.डी.सी. म्हणजे वरचा कारकून, मग असिस्टंट, सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी. त्याच्यावर आणखी एक पायरी, आणि मग कुठेतरी ढगांत जॉइंट सेक्रेटरी. ही शिडी आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होती. कुणाच्या वाढदिवसाला कुणी जायचं हे कोण कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहतो यावर ठरायचं. माझे वडील सेक्शन ऑफिसर, म्हणून मी वर्गाची मॉनिटर. असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण दुसरं कुणी मॉनिटर होऊ शकतं हे कुणाला सुचलं नाही, आणि मला तर मुळीच नाही.

आठवीला आम्हाला ज्या बाई होत्या त्यांची एक पद्धत होती. दर डिसेंबरात त्या ‘मी कोण होणार’ असा निबंध लिहायला लावत. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाने रंगमंचावर येऊन आपलं भविष्य दोन वाक्यांत सांगायचं. आणि त्या दोन वाक्यांवरून बाई ठरवायच्या, नववीत कुणाला कुठल्या शाखेत घालायचं. तेव्हा अकरावीपर्यंत शाळा असायची आणि नववीतच विज्ञान, कला, वाणिज्य अशा वाटा फुटायच्या. गणित-विज्ञानाच्या वर्गात बाकं मोजकी होती. गुणांवरून निवडलं तर पालक भांडायला येतात, पण पोरगं स्वतःच्या तोंडाने चारचौघांत बोललं की कुणाला तक्रार करता येत नाही, असं बाईंचं शहाणपण. तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडाला एवढं महत्त्व देणारी बाई मी नंतर पाहिली नाही. फक्त त्या तोंडात काय घालायचं ते घरचे ठरवायचे.

घरचे काय ठरवायचे? तेच, बापाच्या एक पायरी वर. एल.डी.सी.चा मुलगा यू.डी.सी. होणार, यू.डी.सी.चा असिस्टंट, असिस्टंटची मुलगी सेक्शन ऑफिसर. असा काही लेखी नियम नव्हता, पण त्या वसाहतीतल्या कुणाला विचारलंत तर त्याने हाच सांगितला असता. दोन पायऱ्या म्हटलं तर आगाऊपणा, आणि बापाएवढंच म्हटलं तर पोर मठ्ठ. एका असिस्टंटच्या मुलाने उत्साहाच्या भरात अंडर सेक्रेटरी लिहिलं, तर त्याच्या आईने आमच्या घरी येऊन माझ्या आईची माफी मागितली होती. का, तर ती जागा माझी होती. सेक्शन ऑफिसरच्या मुलीची. आईनेही, “असू दे हो, मुलंच ती,” असं मोठ्या मनाने म्हटलं आणि त्या बाईंना चहा दिला. मी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होते आणि मला त्यात हसण्यासारखं काहीही दिसलं नाही.

माझ्या शेजारी बाकावर एका दप्तरींची मुलगी बसायची. दप्तरी म्हणजे ऑफिसात फायली बांधायच्या, कागद लावायचे, सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती जुळवायच्या, हे काम करणारा माणूस. ते माझ्या वडिलांच्याच मंत्रालयात होते, नागपूरकडचे, आणि आर. के. पुरमच्या सगळ्यात लहान क्वार्टरमध्ये राहायचे. ती बसने यायची, तेलाने चापून बसवलेल्या दोन वेण्या, कोपरापर्यंत आखूड झालेला स्वेटर. गणितात ती आम्हा सगळ्यांच्या फार पुढे होती. बाई फळ्यावर उदाहरण लिहून पाठमोऱ्या असतानाच ती उत्तर वहीत लिहून मोकळी व्हायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. मी तिचं उत्तर बघून घ्यायचे. मॉनिटर असल्यामुळे त्याला बघणं नव्हे, तपासणं म्हणत.

तिच्या वह्यांना खाकी कागदाची कव्हरं नसायची. ऑफिसात वाया गेलेल्या सायक्लोस्टाइलच्या प्रती तिचे वडील घरी आणत, त्यांची असत. निळसर शाईतली सरकारी इंग्रजी आणि मोठमोठी कोष्टकं: कुठल्या राज्यात किती विहिरी खोदल्या, किती पुऱ्या झाल्या, किती अर्धवट राहिल्या. आम्ही त्या कव्हरांना नाकं मुरडायचो. ती मात्र मधल्या सुट्टीत पेन्सिल घेऊन त्या कोष्टकांच्या बेरजा करायची. मला ते भिकारडं वाटायचं. खेळायला दुसरं काही नाही म्हणून आकड्यांशी खेळतेय, असं.

डिसेंबरात निबंध झाले. मी मॉनिटर म्हणून सगळे गोळा केले आणि बाईंच्या खोलीपर्यंत जाता जाता तिचा वाचला. तिने लिहिलं होतं, मी जॉइंट सेक्रेटरी होणार.

सात पायऱ्या! मी व्हरांड्यात उभी राहून बोटांवर मोजल्या. आधी मला हसू आलं आणि मग भयंकर राग आला. आणि कारण काय दिलं होतं बाईसाहेबांनी? ना गाडी, ना बंगला, ना देशसेवा. आम्ही सगळ्यांनी देशसेवा लिहिली होती. तिने लिहिलं होतं की तिच्या भूगोलाच्या वहीच्या कव्हरवर विहिरींचं एक कोष्टक आहे, त्याची बेरीज चुकलेली आहे, तिने ती चार वेळा करून पाहिली. असे कागद शेवटी कुणाच्या सहीने जातात हे तिने वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, जॉइंट सेक्रेटरीसाहेबांच्या. म्हणून तिला ते व्हायचं होतं. सही करण्याआधी कुणीतरी बेरीज करून बघायला हवी, असं तिचं म्हणणं.

मी वर्गात परत गेले आणि तिच्या भूगोलाच्या वहीचं कव्हर नीट पाहिलं. खाली कोपऱ्यात आद्याक्षरं होती. ती माझ्या वडिलांची होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची, शेवटच्या अक्षराला तसाच फराटा.

रात्रीच्या जेवणापर्यंत मी कसाबसा दम धरला. मग सगळं सांगितलं. मला वाटत होतं वडील हसतील, किंवा म्हणतील की पोरीचीच चूक असणार. ते हसले नाहीत. पोळीचा घास हातात तसाच राहिला.

“अच्छा,” ते म्हणाले. “आणि हे निबंधात लिहिलंय तिने? बाईंकडे दिलाय?”

“हो. मीच दिला.”

“कागद छापून गेला यार,” हे ते माझ्याशी नाही, आईशी बोलले. “छापून पार्लमेंटच्या लायब्ररीत गेला. आणि आपल्या शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष कोण आहे? जॉइंट सेक्रेटरीच ना? संमेलनाला पहिल्या सोफ्यावर बसणार तो.”

आईने विचारलं, “बेरीज खरंच चुकली आहे का पण?”

वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने आमटीचं भांडं उचललं आणि आत गेली. मला आज वाटतं, त्या घरात त्या दिवशी शहाणा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला.

वडील दुष्ट नव्हते. दुष्ट व्हायला थोडी तरी हिंमत लागते. ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात दप्तरींना बाजूला घेऊन फार सौम्यपणे बोलले असणार, तुमच्याच भल्यासाठी सांगतो वगैरे. ऑफिसचे कागद घरी नेणं म्हणजे काय होतं, नोकरी जाऊ शकते, साहेबांच्या कानावर गेलं तर मीही काही करू शकणार नाही. स्वतःच्या आद्याक्षरांबद्दल ते अर्थातच काही बोलले नसणार.

तिसऱ्या दिवशी दप्तरी शाळेत आले. मी हजेरीपट घेऊन बाईंच्या खोलीत उभी होते, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं. बाईंनी खुर्ची दाखवली तरी ते बसले नाहीत. मुलगी त्यांच्या मागे उभी होती.

“बाई, तिचा तो निबंध परत द्या. लेकरू आहे, समजत नाही तिला. तिला एल.डी.सी. करा.”

बाईंनी निबंध काढला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांनी तो तोवर वाचलेलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. “अहो, एवढी हुशार मुलगी. एल.डी.सी. कशाला, आपण यू.डी.सी. करू तिला.”

“नको, नको. दोन पायऱ्या होतात. लोक म्हणतील, दप्तऱ्याला मस्ती आली. एल.डी.सी.च बरं. पुढचं पुढे.”

“बरं, मग एल.डी.सी. पण टायपिंग येणारी. तेवढं लिहू ना?”

“तेवढं लिहा. बिल्कुल लिहा,” दप्तरी म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

दोन मोठी माणसं एका मुलीचं आयुष्य असं भाजीच्या जुडीसारखं घासाघीस करून ठरवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण तिच्यावर उपकार करतोय. ती वडिलांच्या मागून पुढे आली. मग म्हणाली, “पण बाई, बेरीज चुकलीच होती.”

“चुकली असेल,” बाई म्हणाल्या. “तुझं काय गेलं?”

मी पण तिथेच होते, हजेरीपट छातीशी धरून, आणि मला माहीत होतं की बेरीज चुकली आहे. मी मधल्या दोन दिवसांत गुपचूप करून पाहिली होती. मला ती तीन वेळा करावी लागली, पण उत्तर तिचंच आलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या वह्यांची कव्हरं काढलेली होती. उघड्या पुठ्ठ्याच्या वह्या बाकावर ठेवून ती बसली होती. मी तिला विचारलं, “काय झालं गं?” असं विचारण्याइतकी मी निर्लज्ज होते. ती म्हणाली, “बाबांनी सगळी बंबात घातली.” ती माझ्यावर रागावलेली नव्हती. कुणी सांगितलं हे तिला कळलंच नव्हतं, आणि मी काही सांगायला गेले नाही.

संमेलन जानेवारीतल्या एका रविवारी झालं. मैदानात कनाती लावल्या होत्या. पालकांची बसायची व्यवस्था कुणी आखून दिलेली नव्हती तरी सगळे आपापल्या हुद्द्याप्रमाणे बरोबर बसले: पुढे सोफे, मग वेताच्या खुर्च्या, मग घडीच्या, मग सतरंजी. दप्तरी सतरंजीवरही नव्हते. ते जॉइंट सेक्रेटरीसाहेबांचा थर्मास आणि शाल सांभाळत सोफ्याच्या मागे उभे होते.

मी आईची रेशमी साडी नेसून, काखेत फाइल मारून गेले आणि म्हणाले, “मी अंडर सेक्रेटरी होणार. मी देशाची सेवा करणार.” टाळ्या पडल्या, सेक्शन ऑफिसरच्या मुलीला पडायला हव्यात तेवढ्या. त्या असिस्टंटच्या मुलाने मुकाट्याने सेक्शन ऑफिसर म्हटलं. अठ्ठावीस मुलं आली आणि अठ्ठावीस बाप एकेक पायरी वर चढले. साहेब मंद हसत मान डोलावत होते. आपल्या हाताखालची पुढची तुकडी तयार होताना बघायला कुणाला आवडणार नाही?

मग ती आली. शाळेचाच गणवेश, हातात काही नाही. तिने स्पष्ट आवाजात सांगितलं, “मी एल.डी.सी. होणार. मी साहेबांची पत्रं बिनचूक टाइप करणार.”

साहेबांना ते इतकं आवडलं की ते मोठ्याने हसले आणि मागे वळून म्हणाले, “ही तुमची का? वा! अकरावी झाली की पाठवून द्या माझ्याकडे. नोकरी पक्की समजा.” दप्तरींनी थर्मास काखेत धरून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कनातींच्या आत एवढ्या टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच मिळाल्या नाहीत. सगळ्यांना आपण किती चांगले आहोत याचा आनंद झाला होता.

घरी जाताना वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघ, गरिबाचं कसं भलं झालं. तू सांगितलंस म्हणून.” आणि मला ते खरं वाटलं. मी अभिमानाने चालत होते. आज ते आठवलं की मला त्या साडी नेसलेल्या मुलीच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

नववीत तिला वाणिज्य शाखा मिळाली, टायपिंगसकट. टायपिस्टला आणखी काय हवं असतं, असं बाई म्हणाल्या. गणिताच्या वर्गात एक बाक तिच्यामुळे मोकळं झालं, ते त्या असिस्टंटच्या मुलाला मिळालं. तो पहिल्याच वर्षी नापास झाला. साहेब वर्षभरात आपल्या राज्यात परत गेले, आणि दोन वर्षांनी दप्तरींनी त्यांना पत्र लिहिलं तेव्हा उत्तर आलं नाही. तिने परीक्षा दिली आणि स्वतःच्या बळावर एल.डी.सी. झाली. कुणाचा उपकार लागला नाही. फक्त साहेबांचा उपकार झाल्याचं तिच्या वडिलांनी जन्मभर सगळ्यांना सांगितलं.

मी बी.ए. झाले, असिस्टंटची परीक्षा दिली, पुढे सेक्शन ऑफिसर झाले आणि पन्नाशीच्या आत अंडर सेक्रेटरी झाले. त्याच्यावर गेले नाही. आठवीत मागितलं होतं तेवढंच सरकारने मला दिलं आणि फाइल बंद केली. ज्यांना वाटतं की मुलांनी मोठी स्वप्नं बघावीत की नाही याने काय फरक पडतो, त्यांनी आमच्या त्या वर्गातली अठ्ठावीस माणसं शोधून काढावीत. त्यातली निम्मी तरी मला नंतर भेटली. ज्याने जे म्हटलं होतं तो ते झाला होता, आणि प्रत्येकाला त्याचं कौतुक होतं.

ती माझ्या हाताखाली आली तेव्हा मी अंडर सेक्रेटरी होऊन तीन वर्षं झाली होती. तीही तोवर असिस्टंट झाली होती. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींना ओळखलं. ती मला “मॅडम” म्हणाली आणि मी ते म्हणू दिलं. केबिनमध्ये आम्ही दोघीच असायचो तेव्हासुद्धा ती मॅडमच म्हणायची, मराठीत बोलताना. तिच्याकडून आलेल्या कागदाची बेरीज मला कधी तपासावी लागली नाही. एकदा संसदेतल्या प्रश्नाच्या उत्तरात मीच सही केलेला आकडा चुकीचा होता. ती संध्याकाळी केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं, पेन्सिलने बरोबर आकडा लिहून कागद पुढे केला आणि म्हणाली, “मॅडम, हे पान बदलून घेऊ का? कुणाला कळायचं नाही.” कुणाला कळलं नाही.

त्या वर्षीचा तिचा गोपनीय अहवाल माझ्याकडे आला. तिचा सेक्शन ऑफिसर एक फटकळ पंजाबी माणूस होता. त्याने तिला ‘उत्कृष्ट’ शेरा दिला होता, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की ही बाई इथे फुकट चालली आहे, हिला वरच्या कामावर घ्यावं. माझ्यासाठी एक रकाना होता: आपण याच्याशी सहमत आहात का? नसल्यास कारण द्या.

असिस्टंटला ‘उत्कृष्ट’ द्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. वरून विचारणा होते, मग खुलासे लिहीत बसा. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. तो शेरा वाचताना माझ्या डोक्यात जे आलं ते शब्दशः असं होतं: दप्तऱ्याच्या पोरीला एवढं कशाला? चव्वेचाळीस वर्षांची बाई होते मी, माझ्या खोलीला गालिचा होता, आणि मी अजून बोटांवर पायऱ्या मोजत होते.

मी ‘उत्कृष्ट’ खोडून ‘चांगले’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय घालावं याचा थोडा वेळ विचार केला. मग लिहिलं, “काम बिनचूक. मात्र पुढे जाण्याची महत्त्वाकांक्षा दिसत नाही.” आणि सही केली.